वेगळं करणं आणि क्रमानं लावणं

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आणलेले कांदे मी जमिनीवर ओतले आणि पाच वर्षांच्या भाचीला म्हटलं, "निवड बरं." तिनं लाल एकीकडे, पांढरे दुसरीकडे केले. मग म्हटलं, "आता लहानापासून मोठ्यापर्यंत लाव." तिनं पुन्हा दोन ढीगच केले: इकडे लहान, तिकडे मोठे. इथे आपण "येतं की तिला!" म्हणून पुढे जातो.

पहिलं काम वर्गीकरण. तिथे कांदा हातात घेऊन एवढंच बघायचं, लाल की पांढरा. क्रम लावताना मात्र तो दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी ताडून बघावा लागतो. एकाहून मोठा असलेला कांदा दुसऱ्याहून लहानही असतो, हे एकाच वेळी ध्यानात धरणं लहान मुलाला खरंच जड जातं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मुलांना १० काड्या लांबीप्रमाणे लावायला दिल्या, तेव्हा लहान मुलं लहान-मोठीच्या जोड्याच जुळवत. सगळ्या काड्या न चुकता लावणं साधारण सात वर्षांच्या आसपास जमतं. म्हणून घाई नको. आधी तीनच कांदे द्या. ते लागले की चौथा हातात देऊन विचारा, "हा कुठे बसेल?"

आपल्याकडे खरा घोळ होतो तो गोल्टीपाशी, म्हणजे अगदी लहान कांद्यांपाशी. कांदा निवडताना गोल्टी वेगळी काढतात, ते दिसायला वर्गीकरणच. पण ढीग आकारावरून पडलेत, त्यामुळे गोल्टी, मध्यम, मोठा असा क्रम त्यांच्यात आधीच आहे.

आलेख काढताना हे कळतं. ढीग मोजा, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशा खुणा करा. मग चौकटीच्या वहीत एका कांद्याला एक चौकट रंगवत प्रत्येक ढिगाचा एक खांब करा. खरे कांदेच रांगेत मांडले तर पाच मोठ्यांची रांग सात गोल्टींपेक्षा लांब भरते आणि मूल "मोठे जास्त" म्हणतं. चौकटी सारख्या असल्या की ही फसगत टळते.

आता खांबांच्या जागा बदलून बघा. लाल, पांढरा, पातीचा यांतला कुठलाही आधी घेतला तरी चालतो. सहा महिन्यांनी भाचीसाठी असे खांब कागदाच्या पट्ट्यांचे केले. लाल-पांढरे मी हलवले, तिनं हलवू दिले. गोल्टीची पट्टी मोठ्याच्या पलीकडे नेली, तेव्हा तिनं माझा हात धरला. "मावशी, मध्यम मधेच पाहिजे ना!"