शेवळं, उंदीर आणि ‘मला नाही आवडत’

मृगाच्या आगेमागे ठाण्याच्या भाजीबाजारात शेवळं येतात. मुरबाड-शहापूरकडच्या बायका जुड्या मांडून बसतात, शेजारी काकड या हिरव्या आंबट फळांचे वाटे. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक आगरी किंवा सीकेपी घरातलं. ते थेट भावावर येतं, वर ‘मागच्या आठवड्यात स्वस्त होती’ हेही सुनावतं. दुसरं घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं. ते थबकतं, जुडी हातात न घेताच विचारतं, ‘खाजत नाही ना?’

या दुसऱ्या गिऱ्हाइकाला हसण्याचं कारण नाही. शेवळं सुरणाच्या कुळातली आणि आपण खातो तो तिचा कोवळा फुलोरा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या गड्ड्या दिसतात, आणि घास नीट साफ केलेला नसेल तर त्याच सुया जिभेत नि घशात रुततात. म्हणून आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं आणि काकडांचा नाहीतर चिंचेचा आंबटपणा हात न आखडता घालायचा. एवढं ज्ञान पाठीशी असेल तर ही भाजी कोलंबी घालून अप्रतिम होते. नसेल तर ‘खाजत नाही ना?’ हा जगातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे.

कोआला निलगिरीचा पाला खातो, त्याला असले प्रश्न पडत नाहीत. माणूस, उंदीर, झुरळ हे सर्वभक्षी. काहीही खाता येतं, म्हणून कुठेही जगता येतं. पण प्रत्येक नवा पदार्थ विष असू शकतो. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी या पेचावर आयुष्यभर काम केलं. नवं चाखायची ओढ आणि नव्याची धास्ती, दोन्ही आपल्यात एकाच वेळी असतात. नव्या अन्नाची ही धास्ती साधारण दोन ते सहा या वयात सर्वांत तीव्र असते. मूल नुकतं चालायला लागलेलं असतं आणि जे दिसेल ते तोंडात घालू शकतं, ते हेच वय. दुधी बघून तोंड फिरवणारं चार वर्षांचं पोर नखरे करत नसतं. ब्रिटनमधल्या पाच हजारांहून जास्त जुळ्यांच्या जोड्यांवरच्या २००७ सालच्या अभ्यासात मुलामुलांमधल्या या धास्तीतल्या फरकाचा सुमारे ७८ टक्के भाग आनुवंशिक निघाला. तेव्हा आजी जेव्हा म्हणते, ‘तुझा बापही असाच होता’, तेव्हा ती बहुधा बरोबर असते.

उंदराची गोष्ट आणखी मजेदार आहे. त्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलं ते गेलं. म्हणून तो नवा खाऊ आधी कणभर कुरतडतो, मग वाट बघतो. तब्येत बिघडली तर त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही. सोसायटीत ठेवतात त्या उंदराच्या औषधाचा परिणाम काही दिवसांनी दिसतो तो याचमुळे फायद्याचा ठरतो: दुखणं आणि खाणं यांचा संबंध उंदराला जोडताच येत नाही.

हा संबंध किती पक्का बसतो ते जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये दाखवलं. उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजलं आणि त्याच वेळी गॅमा किरणांनी आजारी पाडलं. उंदरांनी पुढे गोड पाणी टाळलं. नंतरच्या प्रयोगांत खाणं आणि आजारपण यांत काही तासांचं अंतर असूनही, एकाच खेपेत, हा धडा पक्का झाला. आपलंही तेच. संध्याकाळी मित्रांबरोबर पहिल्यांदा जवळ्याची चटणी खाल्ली आणि रात्री उलट्या सुरू झाल्या, तर आळ जवळ्यावर. दुपारच्या वरणभातावर कुणी संशय घेत नाही, कारण तो जुना आणि भरवशाचा. घरातले चौघेही त्याच विषाणूने आडवे झाले होते हे डोक्याला कळतं, पोटाला नाही. इलीन बर्नस्टीन यांनी १९७८ मध्ये केमोथेरपीआधी मुलांना एक वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. ती मुलं पुढे ते नको म्हणू लागली. यातूनच एक युक्ती निघाली. उपचाराआधी अनोळखी चवीची गोळी चघळायला द्यायची, म्हणजे मळमळीचा आळ तिच्यावर जातो आणि रोजचं जेवण वाचतं.

जीभही सगळ्यांची सारखी नसते. गोडासाठी आपल्याकडे मुख्यतः एकच ग्राही, म्हणजे चव ओळखणारं प्रथिन, आहे, कडूसाठी मात्र सुमारे २५. विषारी वनस्पती बऱ्याचदा कडू असतात, त्यामुळे हा पहारा कडक. १९३१ मध्ये ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्या हातून पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्स यांना काहीच लागली नाही. या फरकामागचं जनुक २००३ मध्ये सापडलं. कोथिंबिरीला साबणाचा वास येतो म्हणणाऱ्यांचंही एका गंधग्राही जनुकाशी नातं दिसलं आहे, पण ते कमकुवत. सवय त्याला सहज मागे टाकते.

सवय सुरूही फार लवकर होते, जन्माच्याही आधी. जुली मेनेला यांच्या २००१ च्या अभ्यासात ज्या आयांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीच्या खिमटीला कमी तोंडं वाकडी केली. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यातल्या पोराला सुक्या बोंबलाचा वास घरचा वाटतो, आणि नवीन भाडेकरू मात्र खिडक्या लावून घेतो, त्यात दोघांचंही कर्तृत्व शून्य.

पुढे भरवसा उसना घ्यावा लागतो. बेनेट गॅलेफ यांच्या प्रयोगांत एक उंदीर खाऊन आला की त्याच्या तोंडाचा वास हुंगणारे बाकीचे उंदीर तोच खाऊ पसंत करू लागले. नुसता खाऊचा वास पुरत नव्हता. जिवंत उंदराच्या श्वासातलं कार्बन डायसल्फाइड त्याबरोबर लागत होतं. म्हणजे ‘हे खाऊन हा जिवंत आहे’ असा दाखला. काहीही खाऊन दाखवणाऱ्या रील्सवाल्यांचं धाडस मला म्हणूनच थोडं फुगवलेलं वाटतं. शेजारी स्थानिक माणूस तेच आवडीने खात बसलेला असतो, दाखला त्याचा.

घरी हाच दाखला आपण घालवतो. ‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ हा सौदा उलटतो. लीॲन बर्च यांनी १९८४ मध्ये मुलांना केफिर हे अनोळखी आंबूस दुधाचं पेय बक्षिसाच्या आमिषाने प्यायला लावलं, तर त्यांची आवड उलट घटली. आमिष न दाखवता, जबरदस्ती न करता, चमचाभरच आठ-पंधरा वेळा पुढे केलं तर नवी चव बरीच मुलं स्वीकारतात. अडचण एवढीच की बहुतेक घरांत तिसऱ्या ते पाचव्या खेपेलाच ‘त्याला नाही आवडत’ असं जाहीर होतं, तेही मुलाच्या देखत.