६२५ की ७१८? निकेलच्या सुपरअलॉयची निवड

इन्कोनेल ६२५ आणि इन्कोनेल ७१८ या दोन सुपरअलॉयचे, म्हणजे प्रचंड उष्णतेतही ताकद टिकवणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूंचे गुणधर्म शेजारी शेजारी ठेवले, तर पहिल्या नजरेत ७१८ची सरशी दिसते. योग्य हीट ट्रीटमेंट दिलेला, म्हणजे ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ तापवलेला ७१८ साध्या तापमानाला १,००० मेगापास्कलहून अधिक ताण आल्याशिवाय कायमचा वाकत नाही. मऊ केलेल्या, म्हणजे अनील केलेल्या ६२५ची हीच मर्यादा साधारण ४०० मेगापास्कलच्या आसपास असते. तरीही समुद्राच्या पाण्यात राहणारे भाग, रासायनिक कारखान्यांतले उष्णता-विनिमयक आणि गरम धूर वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या लवचीक घड्या यांसाठी जाणकार अभियंते ६२५च मागतात. कारण यंत्राचा भाग बहुधा तक्त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यामुळे टिकत नाही, तर तो ज्या कारणाने मोडणार आहे, ते कारण आधी ओळखल्यामुळे टिकतो.

मुळात निकेलच का, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळतो आणि लोखंड १,५३८ अंशांना, म्हणजे केवळ वितळबिंदू पाहिला तर लोखंड पुढे आहे. पण लोखंडाची स्फटिकरचना ९१२ अंशांना बदलते, तर निकेलची दाटीवाटीची घनाकार रचना अतिथंड तापमानापासून थेट वितळेपर्यंत तशीच राहते. या दाट रचनेत अणूंची हालचाल मंद असते, म्हणून सततच्या ताणाखाली गरम धातू हळूहळू लांबत जाण्याची क्रिया, जिला क्रीप म्हणतात, तीही मंदावते. शिवाय क्रोमियम, मॉलिब्डेनम, निओबियम यांसारखी मूलद्रव्ये निकेल मोठ्या प्रमाणात सामावून घेतो. त्यांतले क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर तयार करते आणि आतल्या धातूचे रक्षण करते.

६२५ आणि ७१८ हे दोन्ही मिश्रधातू हर्बर्ट आइझेलस्टाइन या धातुशास्त्रज्ञाच्या कामातून, इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या अमेरिकेतील हंटिंग्टन येथील प्रयोगशाळेत १९५० आणि १९६०च्या दशकांत आकाराला आले. ६२५चा शोध सुरू झाला तो वीज केंद्रांतल्या अतितप्त वाफेच्या नळांसाठी. त्यात सुमारे २१ टक्के क्रोमियम, ९ टक्के मॉलिब्डेनम आणि साडेतीन टक्के निओबियम असते. मॉलिब्डेनम आणि निओबियमचे अणू निकेलपेक्षा आकाराने मोठे असल्याने स्फटिकाची जाळी ताणली जाते आणि अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकू शकत नाहीत. ही बळकटी धातू ओतल्यापासूनच त्याच्या अंगात असते. ती आणण्यासाठी वेगळी हीट ट्रीटमेंट लागत नाही, आणि वेल्डिंगने ती फारशी बिघडतही नाही.

७१८ची बळकटी भट्टीत येते. त्यात निओबियम सुमारे ५ टक्के असते, आणि धातू आधी उच्च तापमानाला एकजीव करून मग ७२० व ६२० अंशांवर मिळून साधारण १८ तास मुरवला, की निकेल आणि निओबियमच्या अतिसूक्ष्म चकत्या त्याच्या आत तयार होतात. या चकत्यांना गॅमा डबल प्राइम असे नाव आहे. याआधीचे कठीण सुपरअलॉय ॲल्युमिनियम आणि टायटेनियमच्या जोरावर बळकट होत. त्यांतले कण इतक्या झपाट्याने जमत, की वेल्डनंतरच्या हीट ट्रीटमेंटमध्ये जोडातले ताण सैल होण्याआधीच धातू कडक होई आणि जोडाजवळ भेगा पडत. निओबियमच्या चकत्या मात्र सावकाश जमतात, त्यामुळे ताणाला ओसरायला वेळ मिळतो. माझ्या मते ७१८चा खरा पराक्रम त्याच्या ताकदीत नाही, तर या संथपणात आहे; इतका बळकट असूनही वेल्ड करता येणारा धातू मिळाल्यामुळेच जेट इंजिनांतल्या फिरत्या तबकड्या, आवरणे आणि रॉकेट इंजिनांचे भाग यांत तो सर्वत्र पोहोचला.

मात्र हीच सूक्ष्म चकती ७१८ची सीमाही ठरवते. सुमारे ६५० अंशांपलीकडे गॅमा डबल प्राइम दीर्घकाळ टिकत नाही. तिचे जाड, निरुपयोगी डेल्टा कणांत रूपांतर होते आणि ताकद ओसरते. म्हणून टर्बाइनच्या सर्वांत तप्त पात्यांसाठी ७१८ वापरत नाहीत. ६२५ त्याहून अधिक तापमान सोसतो, पण त्यालाही एक सापळा आहे. ६०० ते ७५० अंशांच्या पट्ट्यात तो हजारो तास राहिला, तर त्यातला निओबियम सावकाश बाहेर पडून धातू कडक आणि ठिसूळ होतो. भट्टी सुरू असताना हे कळत नाही; देखभालीसाठी ती थंड झाल्यावर भाग तडकतो.

तापमान नसून गंज हे मरणाचे कारण असेल, तर हिशेब वेगळा होतो. क्लोराइडमुळे पडणाऱ्या खड्ड्यांपुढे धातू किती टिकेल याचा ढोबळ अंदाज क्रोमियमच्या टक्केवारीत मॉलिब्डेनमची टक्केवारी ३.३ पट करून मिळवल्याने येतो. ६२५ साठी हा आकडा पन्नाशीच्या आसपास येतो, ७१८ साठी तिशीच्या आतच राहतो. हायड्रोक्लोरिक आम्लासाठी मात्र १६ टक्के मॉलिब्डेनम असलेला हॅस्टेलॉय सी-२७६ हा निकेलचाच दुसरा मिश्रधातू अधिक भरवशाचा आहे, तर तप्त नायट्रिक आम्लासारख्या ऑक्सिडीकारक माध्यमात तो योग्य नाही, कारण तिथे मॉलिब्डेनमपेक्षा क्रोमियम महत्त्वाचे ठरते.

निकेल आणि निओबियम महाग असल्याने अख्खा भाग ६२५चा करणे अनेकदा परवडत नाही. त्यावर एक सुंदर उपाय रूढ आहे: साध्या पोलादाच्या नळीवर किंवा झडपेच्या आतल्या बाजूस ६२५चा काही मिलिमीटर जाडीचा थर वेल्डिंगने चढवणे. यात पोलादातले लोखंड वितळून थरात मिसळते आणि गंजरोधकता घटवते, म्हणून चांगल्या विनिर्देशात थरातील लोखंडाची कमाल टक्केवारी, बहुधा ५ किंवा १०, लिहिलेली असते. हे धातू घडवणेही सोपे नाही. ७१८ची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच असल्याने कटिंगची उष्णता टूलच्या टोकाशी अडकते, आणि टूल न कापता नुसते घासले गेले तर पृष्ठभाग आणखी कडक होतो.

सर्वांत जास्त चूक होते ती नाव सारखे असल्यामुळे. तेलविहिरीतील झडपांसाठी वापरायच्या ७१८ची हीट ट्रीटमेंट जेट इंजिनाच्या ७१८पेक्षा वेगळी असते. त्यात धातू १,०२० ते १,०५० अंशांना एकजीव करतात, जेणेकरून धातूच्या स्फटिकांमधल्या सीमांवर डेल्टा कण उरणार नाहीत, आणि मग ७७५ ते ८०० अंशांदरम्यान एकदाच मुरवतात. त्याने ताकद थोडी कमी होते, पण हायड्रोजनमुळे अचानक तडा जाण्याचा धोका घटतो. म्हणून खरेदीच्या कागदावर केवळ ‘७१८’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो कागद अपुरा आहे. त्यावर हीट ट्रीटमेंटचे तापमान, वेळ आणि लागू मानक नोंदवून घेतल्याशिवाय माल स्वीकारू नये.