खालच्या ओठात मुरलेलं ऊन

ओठ फुटले की ‘पाणी कमी पडतंय’, ‘उष्णता झालीय’, ‘जीवनसत्त्व घटलंय’ अशी निदानं लगेच होतात. थंडीने किंवा चाटण्याच्या सवयीने फुटलेला ओठ साध्या मलमाने दोन-तीन आठवड्यांत भरतो. पण एकटा खालचाच ओठ महिनोन्महिने खरखरीत राहिला, सालपट निघून परत धरू लागलं, ओठाचा लाल भाग संपून त्वचा सुरू होते ती रेघ पुसट झाली, तर प्रकरण वेगळं असतं. वर्षानुवर्षांच्या उन्हाने ऊतींमध्ये होणाऱ्या या बदलाला अ‍ॅक्टिनिक कायलायटिस म्हणतात. पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकणाऱ्या विकारांत त्याची गणना होते.

खालचाच ओठ का? तो पुढे आलेला असतो आणि काहीसा आकाशाकडे तोंड करून असतो. शिवाय ओठाच्या लाल भागावरचा अभिस्तर, म्हणजे पेशींचा वरचा थर, पातळ, त्यावरचं केराटिन हे टणक प्रथिन जुजबी आणि मेलॅनिन हे रंगद्रव्य कमी. त्यामुळे उघड्यावर काम करणारे, त्यातही गोऱ्या वर्णाचे लोक जास्त सापडतात. धूम्रपान आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यांनी धोका वाढतो.

किरण नेमकं काय करतात, हा यातला सर्वांत रंजक भाग. २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीबी हे अतिनील किरण डीएनए थेट शोषून घेतो. एकाच धाग्यावर थायमिन (‘टी’) किंवा सायटोसिन (‘सी’) ही डीएनएची दोन अक्षरं शेजारी असतील, तर त्या ऊर्जेने ते एकमेकांना चिकटतात. हा डायमर. दुरुस्तीची विकरं (एन्झाइम) त्याच्या दोन्ही बाजूंना काप देतात, साधारण ३० अक्षरांचा तुकडा उचलून फेकतात आणि समोरच्या धाग्यावरून नवा तुकडा भरतात. पण दुरुस्ती होण्याआधीच डीएनएची नक्कल सुरू झाली तर? थायमिन-थायमिन डायमरसमोर पॉलिमरेज ईटा हे विकर दोन अ‍ॅडेनिन बसवतं, आणि थायमिनची ठरलेली जोडी तीच असल्याने ते नेमकं बरोबर असतं! म्हणजे उन्हाने सर्वाधिक होणारी इजा फारशी नडत नाही. घात होतो सायटोसिनमुळे. डायमरमध्ये अडकलेला सायटोसिन आपला अमिनो गट एरवीपेक्षा फार लवकर गमावतो आणि त्याचा थायमिनसारखा वाचला जाणारा युरॅसिल होतो. त्याच्यासमोरही अ‍ॅडेनिनच बसतो, आणि पुढच्या नकलेत ‘सी’च्या जागी ‘टी’ येतो. शेजारचे दोन्ही ‘सी’ असले तर ‘सीसी’चं ‘टीटी’ होतं. हा दुहेरी बदल म्हणजे उन्हाची सहीच. संशोधक डग्लस ब्रॅश आणि सहकाऱ्यांना १९९१ साली त्वचेच्या स्क्वॅमस (चपट्या) पेशींच्या कर्करोगात, पी५३ या जनुकावर ती सापडली.

पी५३ शाबूत असेल तर फार इजा झालेली पेशी स्वतःला संपवते. तो बिघडला की पेशी मरायचं विसरते. पुढच्या कडक उन्हात शेजारच्या निरोगी पेशी मरतात, ही टिकते आणि रिकामी जागा व्यापते. ऊन आधी बिघाड करतं आणि मग बिघडलेल्यांनाच मोकळं रान देतं.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन थरांत दोन गोष्टी दिसतात. अभिस्तराखाली नेहमीचा रंग दिल्यावर गुलाबी दिसणारं कोलॅजन निळसर-राखाडी होतं. ही सोलर इलॅस्टोसिस. ती उन्हाचा पुरावा असते, कर्करोगाचा नव्हे. खरी चिंता वरच्या थरात असते: मोठी, गडद केंद्रकं, तळाची ओळ सोडून वर चाललेली विभाजनं, मोडलेली रचना. हा डिसप्लेसिया. खालच्या एक तृतीयांशात असेल तर सौम्य, दोन तृतीयांशांपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. या पेशींनी अभिस्तराच्या तळाचं आधारपटल ओलांडलं की तो स्क्वॅमस पेशींचा कर्करोग. ओठाचे बहुतेक कर्करोग याच जातीचे असतात आणि ते हनुवटी व जबड्याखालच्या लसीकाग्रंथींकडे पसरतात.

अडचण अशी की वरून साधा दिसणारा ओठ आत तीव्र डिसप्लेसिया बाळगून असू शकतो. म्हणून बायॉप्सीची, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढण्याची, जागा निवडण्यात कसब लागतं. बोटाला निबर लागणारा, लाल किंवा व्रण पडलेला भाग घ्यायचा. स्थानिक भूल देऊन ३ ते ४ मिलीमीटरचा पंच, म्हणजे गोल पात्याने काढलेला तुकडा, पुरतो. नुसती खपली आली तर काहीच कळत नाही. तुकडा उथळ असेल तर पेशी खाली उतरल्यात का, हे सांगता येत नाही. आणि काप तिरका गेला तर सौम्य बदलही खोल शिरल्याचा भास होतो.

‘नैसर्गिक तेलात एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) असतो’ या जाहिरातबाजीवर ओठ सोडू नयेत. तेलाने कोरडेपणा जातो, अतिनील किरण अडवण्याचा भरवसा मिळत नाही. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलीग्रॅम थर देऊन करतात. आपण त्याहून बराच कमी लावतो, आणि ओठावरचा थर खाण्यापिण्यात पुसला जातो. म्हणून किमान ३० एसपीएफचा, यूव्हीए हे जास्त तरंगलांबीचे अतिनील किरणसुद्धा अडवणारा लिप बाम दर दोन तासांनी आणि खाल्ल्यावर लावावा, शिवाय रुंद काठाची टोपी घालावी.

उपचारांत ५-फ्लुरोयुरॅसिल या कर्करोगविरोधी औषधाचं मलम, गोठवणं, लेझर आणि ओठाचा लाल भाग सोलून काढण्याची शस्त्रक्रिया येते. गोठवल्यावर किंवा लेझरने जाळल्यावर तपासायला ऊती उरत नाहीत, म्हणून संशयास्पद जागेची बायॉप्सी आधीच घ्यावी लागते. सोललेला पट्टा मात्र अख्खा प्रयोगशाळेत जातो, आणि त्यात कधीकधी आधी न कळलेला कर्करोग सापडतो.