झेड४ घेण्याआधी : छप्पर, सांगाडा, सुरक्षितता आणि इंजिनं

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार. छप्पर उघडणाऱ्या गाड्यांची तपासणी आणि देखभाल हे पुण्यातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपचं मुख्य काम. बीएमडब्ल्यू झेड४ घ्यायचा विचार करणारे ग्राहक आमच्याकडे आले की पहिला प्रश्न इंजिनाचा असतो : चार सिलिंडरची घ्यावी की सहा? प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा असायला हवा. या गाडीचा आकार, तिची मजबुती आणि तिच्या देखभालीचा खर्च, सगळं तिच्या छपरापाशी येऊन थांबतं. म्हणून आम्हीही छपरापासूनच सुरुवात करतो.

आपण कोणत्या झेड४ बद्दल बोलतोय

हे पत्रक तिसऱ्या पिढीबद्दल आहे. कंपनीच्या भाषेत जी२९. हिचं संकल्पनारूप ऑगस्ट २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला दाखवलं गेलं आणि वर्षभराने तिथेच विक्रीची गाडी समोर आली. बाह्यरूप कॅल्विन लूक या डिझायनरचं. ही गाडी बीएमडब्ल्यूच्या स्वतःच्या कारखान्यात बनली नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात माग्ना श्टायर या कंपनीने तिची बांधणी केली आणि टोयोटाची जीआर सुप्राही तिथेच तयार झाली. दोन्ही गाड्यांचा पाया आणि इंजिनं सामायिक आहेत. सुप्रा बंद छपराची, झेड४ उघडी.

भारतात ती एप्रिल २०१९ मध्ये आली, पूर्ण तयार अवस्थेत आयात होऊन. याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. इंजिनाचे नेहमीचे भाग मिळतात, कारण तीच इंजिनं बीएमडब्ल्यूच्या इतर गाड्यांतही असतात. छपराची यंत्रणा, त्याची रबरं, दाराच्या वरच्या पट्ट्या मात्र फक्त याच गाडीच्या. त्या मागवाव्या लागतात आणि थांबावंही लागतं.

छप्पर

२००९ साली आलेल्या दुसऱ्या पिढीला धातूचं, दुमडून डिकीत जाणारं छप्पर होतं. बंद असताना ते घट्ट आणि शांत, पण उघडलं की डिकी जवळजवळ संपायची आणि सगळं वजन गाडीच्या मागच्या भागात, वरच्या अंगाला राहायचं. तिसऱ्या पिढीत कंपनी पुन्हा कापडाकडे वळली. आमच्या मते हा या गाडीतला सर्वांत चांगला निर्णय. कापडाचं छप्पर हलकं असतं, त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो. घडी पातळ होते, म्हणून छप्पर उघडं असो वा बंद, डिकी २८१ लिटरचीच राहते. दोघांचं दोन-तीन दिवसांचं सामान त्यात आरामात बसतं.

छप्पर विजेवर चालतं. साधारण १० सेकंदांत उघडतं किंवा मिटतं आणि ताशी ५० किलोमीटर वेगापर्यंत गाडी चालू असतानाही हलतं. जूनमध्ये ताम्हिणीत अचानक सर आली तर गाडी कडेला घ्यायची गरज नाही, नुसता वेग कमी केला की पुरे. मागची काच खरीखुरी काच आहे, तापणाऱ्या तारांसह. जुन्या कापडी छपरांच्या प्लास्टिकच्या खिडक्या दोन उन्हाळ्यांत पिवळ्या पडायच्या, तो त्रास इथे नाही.

आता जरा कळकळीची गोष्ट. कापड भिजलेलं असताना छप्पर दुमडून ठेवू नका. एका रात्रीने काही बिघडत नाही, पण पावसाळाभर असं चाललं की घडीत बुरशी धरते, आणि कापडाच्या विणीत शिरलेले काळे डाग पुरते निघत नाहीत. भिजलं असेल तर गॅरेजमध्ये छप्पर चढवून ठेवा, वाळू द्या. उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा शिवणींवर आणि रबरांवर मारू देऊ नका. धुलाई केंद्रावर हे स्वतः उभं राहून सांगा. छपराच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाटा असतात. गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्षाखाली गाडी उभी राहत असेल तर त्यांची बारीक पानं नेमकी तिथे अडकतात, पाणी तुंबतं आणि मग आतल्या गालिच्याला कुबट वास येतो. मे महिन्याच्या शेवटी या वाटा साफ करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

सांगाडा आणि आकार

बुटांच्या खोक्याचं झाकण काढून खोकं दोन्ही हातांनी पिळून पाहा, ते किती सैल होतं ते कळेल. छप्पर नसलेल्या गाडीचंही तसंच होतं. ही कमतरता गाडीच्या तळातून, दारांखालच्या उंबऱ्यांतून आणि पुढच्या काचेच्या चौकटीतून भरून काढावी लागते. झेड४ मध्ये ते काम नीट झालंय. खराब रस्त्यावर सुकाणूत किंवा आरशात थरथर जाणवत असेल तर ती या गाडीची सवय समजू नका, काहीतरी सैल किंवा दुरुस्त केलेलं आहे असं धरून तपासणी करून घ्या.

लांबी ४,३२४ मिलिमीटर, रुंदी १,८६४, उंची १,३०४. आधीच्या पिढीपेक्षा ही गाडी ८५ मिलिमीटर लांब आहे, पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६ मिलिमीटरने कमी करून २,४७० वर आणलंय. त्याच वेळी डाव्या-उजव्या चाकांमधली रुंदी बरीच वाढवली. अंतर कमी असलं की गाडी वळणात चटकन वळते, रुंदी वाढली की कलंडत नाही. घाटातल्या लागोपाठच्या वळणांवर ही गाडी जी मजा देते तिचं मूळ या मापांत आहे. पुढच्या-मागच्या चाकांवर वजन जवळपास निम्मं-निम्मं पडतं, हेही त्याच हिशोबातलं.

दिसण्याबद्दल मतं वेगळी असणारच. लांब बॉनेट आणि मागे सरकलेली बसायची जागा ही रोडस्टरची (दोन सीटच्या उघड्या गाडीची) जुनी ठेवण इथे आहे. समोरच्या दुहेरी जाळीत उभ्या पट्ट्यांऐवजी ठिपक्यांसारखी नक्षी आहे आणि हेडलाइटमधले दिवे शेजारी-शेजारी नसून एकावर एक आहेत. आम्हाला मागची बाजू जास्त देखणी वाटते. डिकीच्या झाकणातूनच वर उचललेली कड फार सफाईदार जमलीय.

गाडी खूप बुटकी आहे आणि नाक चाकांच्या बरंच पुढे येतं. सोसायटीचा उतार आणि गल्लीतला गतिरोधक तिरका, सावकाश घ्या. घेण्याआधी तुमच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये गाडी नेऊन बघता आली तर उत्तमच.

सुरक्षितता

युरो एनकॅप या गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या युरोपातल्या संस्थेने २०१९ मध्ये या गाडीची चाचणी घेतली. पाच तारे मिळाले. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणाला ९७ टक्के, मुलांच्या ८७, पादचारी आणि सायकलस्वारांच्या ९१, आणि चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांना ७६ टक्के. उघड्या गाडीला प्रौढांसाठी ९७ टक्के मिळणं ही मोठी गोष्ट आहे. “छप्पर नाही म्हणजे असुरक्षित” असं घरची मंडळी म्हणतील तेव्हा हा आकडा त्यांना जरूर दाखवा.

गाडी उलटली तर काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. दोन्ही सीटच्या मागे पक्क्या बसवलेल्या कमानी आहेत आणि पुढच्या काचेची चौकट खास मजबूत केलेली आहे. उलटल्यावर डोक्याभोवतीची जागा या दोन्ही मिळून राखतात. हे संरक्षण पट्टा बांधलेल्या माणसालाच आहे, हे कृपया लक्षात ठेवा. वरून पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग लावायला इथे छतच नाही, म्हणून सीटच्या बाजूतून उघडणारी एअरबॅग छातीबरोबर डोकंही झाकते. त्या जागी सीट कव्हर चढवू नका, कितीही सुंदर असलं तरी. पादचाऱ्याला धडक बसलीच तर बॉनेट आपोआप वर उचललं जातं आणि त्याचं डोकं खालच्या कठीण इंजिनावर आपटण्याचा धोका कमी होतो.

लहान मूल असेल तर : मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही. इथे मागची सीटच नसल्याने हा प्रश्न रोजचा होतो. आपोआप ब्रेक लावणाऱ्या आणि इशारे देणाऱ्या यंत्रणा देशागणिक आणि मॉडेलागणिक बदलतात. तुम्ही पाहताय त्याच गाडीत काय बसवलंय ते चासिस नंबरवरून काढून घ्या, दुसऱ्या देशातलं माहितीपत्रक वाचून ठरवू नका.

इंजिनं

मॉडेलं तीन. तिन्ही पेट्रोलवर चालणारी, तिन्हींना टर्बो, आणि ताकद फक्त मागच्या चाकांना.

एसड्राइव्ह२०आय : दोन लिटर, चार सिलिंडर, १९७ हॉर्सपॉवर, ३२० न्यूटन-मीटरचा जोर. थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ६.६ सेकंदांत. एसड्राइव्ह३०आयमध्ये हेच इंजिन २५८ हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटन-मीटरपर्यंत नेलंय; वेळ ५.४ सेकंद. एम४०आयमध्ये तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं बी५८ इंजिन : ३४० हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन-मीटर, साधारण साडेचार सेकंद. कमाल वेग २५० वर रोखलेला.

भारतात २०१९ मध्ये २०आय आणि एम४०आय आल्या. २०२३ च्या सुधारित आवृत्तीपासून फक्त एम४०आय. तेव्हा २०आय हवी असेल तर वापरलेलीच शोधावी लागेल, आणि ती शोधण्याजोगी आहे असं आमचं ठाम मत आहे. तिच्या नाकावर वजन बरंच कमी असल्याने ती वळणात हलकी वाटते, आणि आपल्या द्रुतगती मार्गावरच्या १०० च्या मर्यादेत तिची ताकद कमी पडत नाही.

एम४०आयची गोष्ट निराळी. सहा सिलिंडर एका रांगेत असले की त्यांचे धक्के एकमेकांना छेद देतात आणि इंजिन फार गुळगुळीत फिरतं. ५०० न्यूटन-मीटरचा जोर मिनिटाला १,६०० फेऱ्यांपासूनच मिळतो, त्यामुळे खंडाळ्याच्या चढावर गिअर खाली टाकायची वेळ क्वचित येते. सोबत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा मागचा डिफरन्शियल मिळतो, जो वळणातून बाहेर पडताना कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा ते ठरवतो. गिअरबॉक्स आठ गिअरचा ऑटोमॅटिक; २०२४ पासून एम४०आयला सहा गिअरचा हाताने टाकायचा पर्यायही आला आणि २०२५ मध्ये तो भारतातही मिळू लागला. गाडी रोज हिंजवडीला न्यायची असेल तर ऑटोमॅटिकच घ्या. फक्त रविवारी पहाटे काढायची असेल तर हाताचा गिअर एकदा चालवून बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

टायरबद्दल. एम४०आयच्या १९ इंची चाकांवर पुढे २५५/३५ आणि मागे २७५/३५ मापाचे टायर असतात. मापं वेगळी असल्याने पुढचे मागे फिरवता येत नाहीत, आणि मागचे लवकर झिजतात. स्टेपनी नाही. कायद्याने टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटर चालते, पण इतके रुंद टायर साचलेल्या पाण्यावर तरंगतात. पावसाळ्याआधी नक्षी ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर आम्ही बदलायलाच सांगतो.

वापरलेली गाडी तपासायला आणताना

गाडी धुऊन आणू नका, आणि छप्पर बंद ठेवूनच आणा. आम्ही आधी पाणी मारून गळती पाहतो, मग छप्पर लागोपाठ दोनदा उघड-मीट करतो. दुसऱ्या वेळी आवाज बदलला किंवा एक बाजू मागे राहिली तर यंत्रणेत बिघाड सुरू झालेला असतो. डिकीचा गालिचा उचलून खालचा ओलावा पाहतो, दारं आणि पुढची काच यांच्यामधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते मोजतो. आरसी, विम्याचे मागचे दावे आणि सर्व्हिसची नोंद सोबत हवी. विकणारा माणूस बरोबर आला तर चांगलंच, निम्मे प्रश्न जागच्या जागी सुटतात. तपासणीला अर्धा दिवस लागतो, तेव्हा आधी वेळ ठरवून या.