जेम्सटाउनचा स्तंभ: पार्श्वभूमी

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेम्स नदीच्या बेटावर १०३ फुटी ग्रॅनाइटचा स्तंभ आहे. दिसायला वॉशिंग्टनच्या स्तंभाचा धाकटा भाऊच. जेम्सटाउन वसल्याला तीनशे वर्षं झाली म्हणून १९०७ साली सरकारने तो उभारला. त्या निमित्ताने भरलेलं भव्य प्रदर्शन मात्र दूर नॉरफोकजवळ झालं. आडवाटेच्या या बेटाच्या वाट्याला दगड तेवढा आला.

त्यावर कोरलंय: इंग्रजांची पहिली कायमची वसाहत, १३ मे १६०७. हा ‘कायमची’ शब्द जरा जपूनच वाचायला हवा. व्हर्जिनिया कंपनी या लंडनच्या व्यापारी कंपनीच्या तीन गलबतांतून १०४ पुरुष आणि पोरं इथे आली. काठालगतच पाणी खोल, म्हणजे गलबत थेट झाडाला बांधता येई, म्हणून ही जागा पसंत पडली. पण प्यायला पाणी मचूळ, सभोवती दलदल आणि वर दुष्काळ. जानेवारी १६०८ पर्यंत ३८ जण उरले. नंतर नवी माणसं येत राहिली, तरी १६०९-१०च्या हिवाळ्यात घोडे, कुत्री, उंदीर सगळं खाऊन संपलं. माणसाचं मांस खाल्ल्याच्या खुणाही तिथल्या हाडांवर सापडल्या आहेत. वाचले जेमतेम साठ. जून १६१०मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला, गलबतं नदीच्या मुखाकडे निघालीसुद्धा. तेवढ्यात नवा गव्हर्नर रसद घेऊन येत असल्याची वर्दी आली आणि सगळे माघारी फिरले. त्याच ऑगस्टमध्ये इंग्रजांनी पास्पाहे या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचं गाव जाळलं. बेट मुळात त्यांच्याच मुलखातलं.

आपल्याकडच्या इतिहासातली काही नावं इथेही भेटतात. व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार सर थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. १६०७ची गलबतं आणणारा कप्तान क्रिस्तोफर न्यूपोर्ट १६१५ साली जहांगीरच्या दरबारी निघालेला इंग्रज वकील थॉमस रो याला घेऊन सुरतेला आला, तर जेम्सटाउनवर कडक शिस्तीचा अंमल बसवणारा थॉमस डेल १६१९ साली मछलीपट्टणला वारला.

वसाहत शेवटी तगली ती तंबाखूवर. १६९९ साली व्हर्जिनियाची राजधानी इथून विल्यम्सबर्गला हलली आणि जेम्सटाउनची शेतजमीन झाली. जुन्या चर्चचा विटांचा मनोरा तेवढा उभा राहिला.

स्तंभ उभारला तेव्हा वसाहतीचा मूळ लाकडी किल्ला नदीने केव्हाच गिळला, अशीच समजूत होती. १९९४ साली पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी खोदायला घेतलं. लाकूड कुजून गेलं, तरी ते जिथे रोवलं होतं तिथल्या मातीचा रंग बदललेला राहतो. तसे काळपट गोल डाग एका ओळीत निघत गेले. कुंपणाच्या वाशांच्या खुणा होत्या त्या. किल्ला बराचसा जमिनीवरच होता, स्तंभापासून चालत जाण्याच्या अंतरावर.