अभिजात संस्कृती : इंग्लंडमधील ए-लेव्हलचा अभ्यासविषय

इंग्लंडमध्ये शालेय शिक्षणाच्या अखेरच्या दोन वर्षांत, म्हणजे साधारणपणे सोळा ते अठरा या वयात, ए-लेव्हल परीक्षेसाठी शिकवला जाणारा आणि प्राचीन ग्रीस व रोम यांचे वाङ्मय, कला, धर्म, राजकारण व विचार यांचा एकत्र अभ्यास करणारा विषय. 'क्लासिकल सिव्हिलायझेशन' हे त्याचे अधिकृत नाव असून शाळांमध्ये त्याला 'क्लास सिव्ह' असेच म्हणतात. ग्रीक वा लॅटिन भाषा येण्याची अट या विषयाला नाही. सर्व ग्रंथ इंग्रजी भाषांतरातून वाचले जातात. ग्रीक, लॅटिन आणि प्राचीन इतिहास हे ए-लेव्हलचे निराळे विषय आहेत. या टप्प्यावर विद्यार्थी बहुधा तीनच विषय घेत असल्यामुळे एखाद्या महाकाव्याचे सर्गच्या सर्ग सलग वाचण्याइतका वेळ वर्गाला मिळतो.

भाषा बाजूला ठेवून संस्कृती शिकवण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. त्यापूर्वी अभिजात शिक्षण म्हणजे ग्रीक व लॅटिन व्याकरण आणि त्या भाषांतील गद्यपद्य रचना, असेच समीकरण होते. त्या भाषांच्या प्रतिष्ठेचे वजन हिंदुस्थानातील तरुणांनीही अनुभवले होते : १८५५ मध्ये सुरू झालेल्या सनदी सेवेच्या स्पर्धा परीक्षेत ग्रीक व लॅटिन यांना प्रत्येकी ७५० गुण होते, तर संस्कृत व अरबी यांना प्रत्येकी ३७५. ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांनी प्रवेशासाठीची ग्रीकची सक्ती पहिल्या महायुद्धानंतर लगेच उठवली. लॅटिनची सक्ती मात्र १९६० पर्यंत टिकून राहिली. ती गेल्यावर शाळांमधील लॅटिनचे वर्ग ओस पडू लागले, आणि भाषेवाचून या संस्कृतींची ओळखच पुसली जाईल या चिंतेतून शिक्षकांनी भाषांतरावर आधारलेले अभ्यासक्रम आखले. उपाय संकटातून निघाला खरा, पण आज हा विषय घेणारे विद्यार्थी लॅटिन किंवा ग्रीक घेणाऱ्यांपेक्षा अधिक असतात.

सध्याचा अभ्यासक्रम ओसीआर या परीक्षा मंडळाचा असून तो २०१७ पासून शिकवला जातो. त्याच्या तीन प्रश्नपत्रिका असतात आणि सर्व गुण लेखी परीक्षेचे असतात. पहिली प्रश्नपत्रिका, 'नायकाचे जग', सर्वांना अनिवार्य आहे. तिला १०० गुण, दोन तास वीस मिनिटे आणि एकूण मूल्यमापनाचा ४० टक्के वाटा आहे. उरलेल्या दोन प्रश्नपत्रिका प्रत्येकी ७५ गुणांच्या व पावणेदोन तासांच्या असतात. त्यांपैकी एक संस्कृती व कला या गटातून, तर दुसरी श्रद्धा व विचार या गटातून शाळा निवडते.

विषयाचा खरा गाभा पहिल्या प्रश्नपत्रिकेत आहे. होमरच्या 'इलियड' व 'ओडिसी' यांपैकी एक महाकाव्य आणि त्याच्या जोडीला व्हर्जिलचे 'ईनिड' वाचायचे असते. या दोन कवींमध्ये सुमारे सात शतकांचे अंतर आहे, आणि व्हर्जिल जाणूनबुजून होमरला समोर ठेवून लिहितो, त्यामुळे तुलना करताना विद्यार्थ्याला नायक या शब्दाचा अर्थच बदलत गेलेला दिसतो. 'इलियड'चा नायक अकिलीस याला आपला मान आणि मरणोत्तर कीर्ती हवी असते. 'ईनिड'चा नायक ईनिअस याला आपल्या इच्छा बाजूला सारून देवांनी सोपवलेले कार्य पार पाडायचे असते. 'इलियड'च्या चोविसाव्या सर्गात ट्रॉयचा वृद्ध राजा प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत अकिलीसकडे जातो आणि ज्या हातांनी आपले पुत्र मारले त्याच हातांचे चुंबन घेऊन आपला पुत्र हेक्टर याचे शव मागतो. अकिलीस रडतो आणि शव परत देतो. याउलट 'ईनिड'च्या अगदी शेवटी हरलेला शत्रू टर्नस जिवाची याचना करत असताना, त्याने मारलेल्या पॅलस या ईनिअसच्या तरुण साथीदाराचा पट्टा त्याच्या खांद्यावर ईनिअसच्या नजरेस पडतो आणि तो संतापाने तलवार खुपसतो. इथेच काव्य संपते. कर्तव्यनिष्ठ म्हणून बारा सर्ग गौरवलेल्या पुरुषाचे हे अखेरचे कृत्य कर्तव्य होते की त्या निष्ठेचा भंग, यावर विद्वानांचे एकमत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला अशा प्रश्नावर स्वतःचे मत बनवून ते पुराव्यासह मांडायला लावणे हे या विषयाचे सर्वांत मोठे बळ मानावे लागेल.

मूळ भाषा शिकवली जात नसली तरी तिच्यातील काही शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी बसतात, कारण त्यांना नेमका प्रतिशब्द नसतो : 'क्सेनिया' म्हणजे यजमान व अतिथी यांना बांधणारा धर्म, 'तिमे' म्हणजे मान, लॅटिनमधील 'पिएतास' म्हणजे देव, पितर व देश यांच्याविषयीची निष्ठा, आणि 'क्लेओस' म्हणजे कीर्ती. यांतील शेवटचा शब्द मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. तो व ऋग्वेदातील 'श्रवस्' हे एकाच मुळातून आलेले आहेत. 'इलियड'मधील 'क्लेओस अफ्थितोन' आणि ऋग्वेदातील 'श्रवः अक्षितम्' या दोन्हींचा अर्थ क्षय न पावणारी कीर्ती असा असून हे साम्य आडालबेर्ट कून या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८५३ मध्ये दाखवून दिले.

संस्कृती व कला या गटात ग्रीक रंगभूमी, ऑगस्टसची सम्राट-प्रतिमा, 'बर्बर' या कल्पनेची घडण आणि ग्रीक कला असे चार पर्याय आहेत. रंगभूमीसाठी सॉफोक्लीझचे 'राजा ईडिपस', युरिपिडीझचे 'बाकाय' व ॲरिस्टोफेनीसचे 'बेडूक' ही नाटके वाचली जातात. सम्राट-प्रतिमेच्या अभ्यासात नाणी, शिल्पे व इमारती यांना लेखी साधनांइतकेच वजन असते. प्रिमा पोर्ता येथे १८६३ मध्ये सापडलेल्या ऑगस्टसच्या पुतळ्याच्या उरस्त्राणावर रोमचे पूर्वेकडील शत्रू पार्थियन यांनी रोमन ध्वज परत केल्याचा प्रसंग कोरलेला आहे. युद्धाऐवजी वाटाघाटीने मिळालेले हे यश विजयासारखे कसे दाखवले गेले, हे विद्यार्थी दगडातून वाचायला शिकतात. 'बर्बर' या भागात इ. स. पू. ४७२ मध्ये सादर झालेले ईस्किलसचे 'पर्शियन' हे नाटक येते. पराभूत शत्रूच्या राजधानीतील शोक रंगवणारा हा नाटककार स्वतः पर्शियनांविरुद्ध मॅरेथॉनच्या लढाईत लढला होता. दुसऱ्या गटात ग्रीक धर्म, प्रेम व नातेसंबंध, रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरचे राजकारण आणि अथेन्सची लोकशाही हे पर्याय आहेत.

उत्तरपत्रिकेत दोन प्रकारचे कौशल्य पाहिले जाते. दिलेला उतारा किंवा चित्र बारकाईने वाचून त्यावर भाष्य करायचे असते, आणि ३० गुणांच्या निबंधात मूळ साधनांबरोबर आधुनिक अभ्यासकांच्या मतांचाही परामर्श घ्यावा लागतो.

भाषांतरातून शिकलेली विद्या उणी, असा आक्षेप या विषयावर सुरुवातीपासून घेतला गेला. ज्या भाषेत गीतेचा अर्थ ज्ञानेश्वरीतून घरोघरी पोचला, त्या भाषेच्या वाचकाला तो सहज पटणार नाही. खरी उणीव आहे ती उपलब्धतेची. एक्यूए या दुसऱ्या मंडळाने २०१६ मध्ये हा विषय बंद करण्याचे ठरवले, आणि आज खासगी शाळांच्या मानाने सरकारी शाळांमध्ये तो फार थोड्या ठिकाणी मिळतो. इतिहास किंवा इंग्रजीच्या शिक्षकांनाही तो शिकवता येतो, हे लक्षात घेऊन सरकारी शाळांमध्ये त्याचा प्रसार करण्यासाठी ईडिथ हॉल व आर्लीन होम्स-हेंडरसन या अभिजात विद्येच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये 'ॲडव्होकेटिंग क्लासिक्स एज्युकेशन' हा प्रकल्प सुरू केला.

स्कॉटलंड, आयर्लंड आणि न्यूझीलंड येथील शाळांमध्येही भाषेविना शिकवले जाणारे असेच अभ्यासक्रम आहेत. इटलीतील 'लिचेओ क्लासिको' या पाच वर्षांच्या शाळेत मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला लॅटिन व ग्रीक दोन्ही शिकाव्या लागतात. इंग्लंडमध्ये ज्यांना भाषेची ओढ पुढे लागते, त्यांच्यासाठी केंब्रिजचा अभिजात विद्येचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यातील जादाचे पहिले वर्ष शाळेत लॅटिन न शिकलेल्यांना ती शिकवण्यासाठी राखलेले असते.