दुंब्यांची शेपूटछाटणी व लोकरकातरणी

शेपटीत चरबी साठवणाऱ्या मेंढ्यांच्या कोकरांचे शेपूट जन्मानंतर एक-दोन दिवसांत काढून टाकणे आणि पुढे वाढीच्या काळात त्यांची लोकर उतरवणे, या मेंढपाळीतील दोन पद्धती. मांस वाढावे आणि चारा वाचावा म्हणून त्या वापरल्या जातात.

फारसीत चरबीच्या शेपटीला ‘दुंबा’ म्हणतात, आपल्याकडे ते मेंढीचेच नाव झाले. सीरिया-जॉर्डनमधील अवासी, मध्य आशियातील काराकुल, इराणमधील बलुची व लोरी-बख्तियारी या प्रसिद्ध जाती. इराणच्या बहुतेक सगळ्या जाती दुंब्याच्या. कॅस्पियन किनाऱ्यावरची झेल ही बारीक शेपटीची मेंढी तिथला अपवाद. मोठ्या मेंढ्याचे शेपूट पाच-सहा किलोंचे सहज भरते. पाऊसपाणी बरे असताना शेपूट फुगते आणि कोरड्या महिन्यांत चारा संपला की ओसरते. भटक्या मेंढपाळांसाठी ती जनावराच्या अंगावरची शिदोरीच होती, शिवाय स्वयंपाकाची चरबीही तिच्यातूनच मिळे. खायला तेल सहज मिळू लागले आणि कोकरे गोठ्यात बांधून पोसली जाऊ लागली, तशी या शेपटीची किंमत घसरली.

छाटणीसाठी शेपटीच्या मुळाशी मणक्यांच्या सांध्यावर घट्ट रबरी कडे चढवतात. रक्तपुरवठा थांबून शेपूट वाळते आणि काही आठवड्यांत गळते. वय वाढले की शेपटीत चरबी व रक्तवाहिन्या वाढतात. मग रक्तस्राव आणि जखम चिघळण्याचा धोका मोठा, म्हणून उशिरा छाटू नये. धनुर्वाताची लस महत्त्वाची. कोवळ्या वयातही कोकराला वेदना होतातच. काही काळ ते अस्वस्थ राहते.

शेपूट छाटले की कोकरू जास्त वाढते, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. वजनवाढीबाबत प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. कुठे छाटलेली कोकरे थोडी पुढे, कुठे काहीच फरक नाही. खरा बदल चरबीच्या जागेत होतो. शेपटीत जायची चरबी कातडीखाली, स्नायूंच्या मध्ये, मूत्रपिंडाभोवती आणि आतड्यांच्या पडद्यावर वळते, पण सगळी नाही. एक ग्रॅम चरबीत सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा असते, तर तीन-चतुर्थांश पाणी असलेल्या एक ग्रॅम मांसात फार तर दीड. त्यामुळे एकूण चरबी थोडी जरी कमी झाली तरी तेवढ्याच चाऱ्यात मांस अधिक बनण्याची शक्यता असते. इथे तुलना जपून करावी लागते. न छाटलेल्या कोकराच्या काट्यावरच्या वजनात शेपूटही मोजले जाते, म्हणून दोघांचे वजन सारखे दिसले तरी छाटलेल्याकडे विकण्याजोगे मांस जास्त असू शकते. छाटलेल्या मादीला मेंढा सहज लागतो, हा आणखी एक फायदा. जड शेपूट त्याच्या आड येत नाही.

कातरणीचा परिणाम हवामानावर ठरतो. उन्हाळ्यात लोकर उतरली की अंगातली उष्णता बाहेर पडते, धाप कमी होते, कोकरू जास्त खाते आणि वाढ सुधारते. थंडीतही कातरलेले जनावर जास्त खाते, पण ते खाणे अंग गरम ठेवण्यातच खर्ची पडते. निवारा नसेल तर वाढ खुंटते. चरबी एकाच जागी साठल्याने उरलेले अंग उष्णता टाकायला मोकळे राहते, असे मानले जाते. तसे असेल, तर छाटणीमुळे कातडीखाली चरबी वाढलेल्या कोकरांना उन्हाळी कातरणीची गरज अधिकच.

छाटणीला धार्मिक अडचणही आहे. कुर्बानीचे जनावर निर्व्यंग लागते, त्यामुळे शेपूट तोडलेला दुंबा अनेक जण घेत नाहीत. ज्या पाळणाऱ्याचे गिऱ्हाईक ईदचे, त्याने छाटणी करू नये. महाराष्ट्रातही बकरी ईदच्या बाजारात दुंबे येतात. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची शेपटी मात्र आखूड आणि बारीक असते, तिच्यात चरबीचा साठा नसतो. त्यांची लोकर साधारणपणे वर्षातून दोनदा कातरतात.